अर्धाच दिसलेला धवला

आवडाबाईने टीव्हीच्या बातम्या अडवून धरल्या होत्या, असं आमच्या बिल्डिंगमध्ये सगळेच सांगतात. सांगणारा बदलला की गोष्ट फुगते. तळमजल्यावरचे पेन्शनर काका चष्मा कपाळावर सरकवतात आणि पाकिटावर शिक्के मारावेत तसे शब्द मारतात, "अख्ख्या. महाराष्ट्राच्या. बातम्या. खोळंबल्या." वरच्या काकूंच्या गोष्टीत बातम्या सांगणारी बाई पदराने डोळे टिपते, आणि हे सांगताना काकूही टिपतात. इस्त्रीवाल्याचं तर म्हणणं, "दिल्ली से फोन आया, बुढिया ने बोला बाद में करो." मी या तिघांचेही आवाज काढते. जिन्यात पोरं जमली की इस्त्रीवाल्याची फर्माईश पहिली येते.

खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. आवडाबाईने बातम्यांना अडवलं नव्हतं. बातम्यांनी आवडाबाईला अडवलं, आणि असं अडवलं की पुढे बारा-तेरा वर्षं तिला कुणी लग्नात गायला बोलावलं नाही. हे बिल्डिंगमध्ये कुणाला ठाऊक नाही, कारण बिल्डिंग नंतर आली. ती उभीच आहे आवडाबाईच्या शेतात.

डोंबिवली पश्चिमेला, देवीच्या पाड्यात, खाडीकडे तोंड करून आमची ‘परशुराम स्मृती’. परशुराम म्हणजे आवडाबाईचा नवरा. तो गेल्यावर शेत विकलं आणि बिल्डरने पहिल्या मजल्यावर दोन ब्लॉक एकत्र करून दिले, त्यात ती राहते. लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट, केसांत अबोलीची वेणी, आणि आवाज असा की जणू समोरचा माणूस खाडीपलीकडे उभा आहे. नुसतं "चा घे" म्हणाली तरी खालची कुत्री उठतात. टीव्ही सकाळपासून चालू. सगळं बघते, फक्त शेतीचा कार्यक्रम लागला की बंद करते. "ती शेती आमी इकली. आता परत कनाला बगायची?"

आवडाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर लागतो, आधी लागते धवलारीण. तिने नवरा-नवरीची नावं घ्यायची, देवांना आवतण द्यायचं आणि मांडव घालण्यापासून उखळात हळद कांडून ती अंगाला लावेपर्यंत एकेक काम गाण्याने पुढे सरकवायचं. तिने ओळ टाकली की मागे बसलेल्या बायकांनी ती झेलायची. हे गाणं म्हणजे धवला. त्याचा एकच कडक नियम. एकदा नावं घेऊन धवला सुरू केला की तो पुरा करायचा. अर्ध्यावर सोडलेला धवला म्हणजे नवरीला उंबऱ्यात उभी करून दार लावून घेण्यासारखं.

मी तीनेक वर्षांची असेन तेव्हा टीव्हीवर दर शनिवारी संध्याकाळी ‘भरलं अंगण’ नावाचा कार्यक्रम लागायचा. सगळा थेट. गाणं, नाच, नकला, गप्पा, जे व्हायचं ते घराघरांत त्याच क्षणी दिसायचं, चुकलं तरी. त्यातल्या लोकांनी आवडाबाईला शोधून काढली. लग्नाचा देखावा करायचा, दोन कलाकार नवरा-नवरी होतील, तिने धवला म्हणायचा. नावं कुणाची घेऊ, असं तिने विचारलं. ते म्हणाले, कुठलीही घ्या.

"कुठलीही घ्या!" ती अजून मान उडवून सांगते. "नावा काय बाजारातली भाजी हाय?"

त्याच महिन्यात तिच्या भाचीचं, मालूचं, लग्न ठरलं होतं आयरे गावातल्या काळुरामशी. आवडाबाईने विचार केला, सगळ्या महाराष्ट्रादेखत नाव घेतलं जाणार, असा आशीर्वाद कुणाच्या नशिबी? खोट्या नवरा-नवरीसमोर बसून तिने खऱ्या मालूचं आणि खऱ्या काळुरामचं नाव घेतलं.

आयरे गावात तेव्हा टीव्ही एकच, काळुरामच्या आईकडे, भीमाबाईकडे. सगळा गाव अंगणात. मुलाचं नाव टीव्हीतून आलं तशी भीमाबाई उठली आणि साखर वाटायला लागली. अर्ध्या लोकांना साखर पोचली असेल. हळद चढायला आली, आणि चित्र गेलं. बातम्यांची धून लागली. भीमाबाईची मूठ तशीच राहिली.

तिकडे स्टुडिओत कानाला यंत्र लावलेला एक माणूस दोन बोटांनी कात्री करून दाखवत होता. आवडाबाईला वाटलं, अडकित्ता मागतोय. सुपारी हवी असेल. तिने मानेनेच सांगितलं, थांब, मग देते, आणि गात राहिली. दिवे मालवले, तरी गात राहिली. कॅमेरे बाजूला सारले, खोटी नवरी साडी सोडून पँट घालून आली, झाडूवाले येऊन उभे राहिले. त्यांच्यासमोर अंधारात तिने धवला शेवटपर्यंत नेला, हात जोडले, आणि मग खरंच त्या माणसाला सुपारी दिली.

घरी आली ती आनंदात. सगळ्यांची तोंडं उतरलेली.

"मी पुरा केला गो!"

"आमी बगितला ना टीव्हीवर," आयऱ्याहून तडक येऊन बसलेली भीमाबाई म्हणाली.

झालं. टीव्हीवर जे दिसलं नाही ते घडलंच नाही. साक्षीला झाडूवाले कुठून आणायचे? भीमाबाईने कल्याणकडची दुसरी धवलारीण आणली आणि पहिल्यापासून सगळं परत करून घेतलं. मालू-काळुरामचा संसार छान चाललाय, तीन मुलं आहेत, टेम्पो आहे. पण अर्धा धवला सोडणारी म्हणून आवडाबाईचं नाव खाडीच्या दोन्ही काठांना गेलं. लग्नाला बोलवायचे. पुढे बसवायचे, पहिलं ताट वाढायचे. गायला दुसरी.

"झेपत नाय आता," असं ती म्हणायची. साफ खोटं. तांदूळ निवडताना ती काय गुणगुणते ते मी जिन्यातून ऐकलंय.

भीमाबाईचा आवाज मी मालूच्या धाकट्या मुलीच्या बारशाला एकदाच ऐकला आणि उचलला. घशात काहीतरी अडकलेला, प्रत्येक वाक्यानंतर "हं" करून दार लावणारा. आवडाबाईला तो इतका आवडला की दुपारी शेंगदाण्याच्या चिक्कीची लालूच दाखवून बोलवायची. "ये जया बाय, कर गो भीमीला."

मी करायचे. "आवडे, तुज्या गल्यात किडे पडलेत. हं."

"आली माजी भीमी!" असं म्हणून ती मांडी ठोकायची आणि माझ्याशी, म्हणजे भीमाबाईशी, मनसोक्त भांडायची. तुझी साखर सादळली, तुझ्या हळदीला रंग नाही, तुझ्या मांडवात उंदीर. भांडून झालं की पदराने तोंड पुसून चिक्की द्यायची. मात्र तिचा स्वतःचा आवाज काढायला मला सक्त बंदी. एकदा काढला तर चप्पल फेकली. नेमही चांगला आहे तिचा.

आणि मग सुधीर आला. सुधीर म्हणजे आमचा केबलवाला. त्याची वायर रुळांच्या दोन्ही बाजूंना, आयऱ्यापर्यंत पोचलेली. संध्याकाळी स्वतःच्या चॅनलवर तो पिक्चर लावायचा. लहानपणी ‘भरलं अंगण’चा वेडा. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून कार्यक्रमाच्या कॅसेटी भरलेल्या, मध्ये मध्ये त्याच्या आईच्या कुकरच्या शिट्ट्या. तो कार्यक्रम त्याला परत सुरू करायचा होता. रविवारी संध्याकाळी, थेट, पण ‘आजच्या पब्लिकसाठी’. म्हणजे कीबोर्ड, घरबसल्या फोन, प्रश्नाचं उत्तर दिलं तर बक्षीस. जुन्या निवेदकाचा आवाज कॅसेटवरून मी उचलायचा, असं ठरलं. मी तर कुकरसकट उचलला.

पहिल्या कार्यक्रमाला त्याला धवला हवा होता.

"मावशी, तीन मिनिटं द्या," सुधीर म्हणाला.

"नाय."

"अहो, पब्लिकच्या हातात रिमोट आहे. तीन मिनिटं झाली की अंगठा खाजतो."

"पब्लिकला सांग, अंगठा धू."

"बरं, पूर्ण किती वेळ चालतो?"

"सकाली मांडव, रातीला हलद. मधे जेवान."

सुधीर खाली बसला. आवडाबाईला दया आली असावी. "टीवीसाठी आटवलेला हाय मी. अर्धा तास. पन पुरा. आनि मालू-कालुरामचाच."

"त्यांना तीन पोरं आहेत, मावशी!"

"मंग? पोरा झाली म्हनून धवला अर्धाच ठेवायचा?"

तो दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी कीबोर्डवाल्या पोराला घेऊन आला, नुसतं ऐकतो म्हणाला. आवडाबाईने देवांची आवतणं दिली, मांडव उभा केला, आणि थांबली. पानाचा डबा उघडला.

"थांबलात का?" सुधीर ओरडला. "थांबायचं नसतं ना?"

"मांडव झाला. हलद वाटायला येल नको? वाटनारीला उसंत नको?"

"म्हणजे मध्ये थांबलं तर चालतं?"

"थांबायचा. सोरायचा नाय."

सुधीरचा चेहरा असा उजळला की कीबोर्डवाल्याने मागे वळून दिवा लागला का ते बघितलं. "म्हणजे मांडव, मग साडीवाल्याची जाहिरात! उखळ, मग जयाची नक्कल! हळद, मग फोन!" तो बोटांवर मोजत सुटला. आवडाबाई चुना लावत म्हणाली, "लग्नात पन असाच असता. तुज्या साडीवाल्याला बोल, आहेर आन."

रविवारी दुपारी मी तिला न्यायला गेले तेव्हा ती आरशासमोर तिसऱ्यांदा वेणी माळत होती. मी तिचं लक्ष वळवायला म्हणून विचारलं, "मावशी, आज पुरा झाला तर काय होईल हो?"

"भीमी बोलवील. राघोचं लगीन हाय तिच्या." राघो म्हणजे भीमाबाईचा धाकटा.

"भीमाबाई? ती नाही बोलवायची. ती दगड आहे. शिवाय आता सगळे ऑर्केस्ट्रा लावतात."

"बोलवील."

"पैज?"

ती वळली. मला वाटलं चप्पल येते. "लाव. तू जिकलीस तं फुरल्या रविवारी टीवीवर माजा आवाज काढ. सगल्यांसमोर."

मी तर उडालेच. हेच तर मला हवं होतं! "आणि तुम्ही जिंकलात तर?"

"राघोच्या हलदीला माज्या मागं बसायचा. झेलायचा. तुज्या आवाजात. कोनाची नक्कल नाय."

मला ही अट फारच स्वस्त वाटली.

स्टुडिओ म्हणजे मानपाडा रोडवर गाद्यांच्या दुकानावरची खोली. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून चारी भिंतींना पट्ट्यापट्ट्यांच्या गाद्या उभ्या केलेल्या. मधोमध दोन पाट, त्यांवर तांदूळ. "परत खोटी नवरा-नवरी नको," असं आवडाबाईने आधीच सांगितलेलं. झेलायला देवीच्या पाड्यातल्या चार म्हाताऱ्या. कीबोर्डवाल्याने सुरुवातीलाच एक सूर धरला, आवडाबाईने त्याच्याकडे फक्त बघितलं. नंतर त्याने कीबोर्डवर हात पुसण्याशिवाय काही केलं नाही.

मी जुन्या निवेदकाच्या आवाजात "नमस्कार, अंगणात या" म्हटलं, आणि सुरू झालं. मांडव झाला, साडीवाला झाला. उखळ झालं, माझा इस्त्रीवाला झाला. एका बाईने फोनवर बरोबर उत्तर देऊन कुकर जिंकला. सगळं ठरल्यासारखं. फक्त एक गोष्ट सुधीरने मोजली नव्हती. टीव्हीसाठी आटवलेला धवला बारा-तेरा वर्षं आत मुरत होता. हळदीला आल्यावर आवडाबाईने डोळे मिटले, आणि गाळलेले देव एकेक करून परत यायला लागले. खाडीतला देव आला, मिठागराच्या बांधावरची देवी आली, मालूच्या आजीचं नाव आलं.

पिक्चरची वेळ झाली. फोन खणखणायला लागला. सुधीरने एक उचलला, त्यातून आलेलं मलाही ऐकू गेलं, "ए भाय, पिक्चर लगा ना!" दुसरा तसाच. त्याने रिसीव्हर काढून खाली पसरलेल्या गादीवर ठेवला तर तो तिथूनही केकाटत होता. शेवटी सुधीरचा हात बटणाकडे गेला. एक बटण दाबलं की पिक्चर, आणि धवला परत तिथेच, हळदीवर, तुटलेला.

आवडाबाईने डोळे उघडले होते. तिला तो हात दिसला. मागच्या म्हाताऱ्यांनाही दिसला, त्यांची ओळ डळमळली. ही थांबली नाही, घाईही केली नाही. फक्त पाटांवरच्या तांदळांकडे बघत पुढची ओळ टाकली, जरा वर. म्हाताऱ्यांनी ती झेलली.

सुधीरने हात मागे घेतला. आणि परत जाऊ नये म्हणून त्या हातावर बसला.

हळद चढली. दिवा ओवाळला. शेवटची ओळ आवडाबाईने एकटीने म्हटली आणि कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले. मग पाण्याचा तांब्या उचलून गटागटा प्यायली, तेही थेट गेलं.

सुधीरने रिसीव्हर जागेवर ठेवला. ठेवल्याबरोबर वाजला. ठरल्याप्रमाणे त्याने तो स्पीकरवर टाकला.

"आवडे, मी भीमी बोलतंय. हं."

आवडाबाई खदखदून हसली. मांडी ठोकली. "आली माजी भीमी! बोल गो, आज काय मांडवात उंदीर सोरलेस?"

मी कॅमेऱ्याशेजारी उभी होते, तोंड घट्ट मिटून. दोन्ही हात हलवले, मी नाही, मी नाही. तिचं लक्षच नाही. रोजच्या दुपारसारखी ती सुरू झालेली. "तुजी ती साखर! तेरा साल मुठीत धरलीस, मुंग्या तरी लागल्या का गो तिला? तुज्या हलदीला रंग नाय, तुज्या..."

तेव्हा तिने मला बघितलं. माझे मिटलेले ओठ बघितले. मग फोनकडे बघितलं.

हे सगळं डोंबिवलीच्या दोन्ही बाजूंना, घराघरांत, थेट गेलं होतं. कीबोर्डवाल्याच्या कोपराने एक सूर वाजला आणि तोही घाबरून थांबला.

"झाला तुजा बोलून?" स्पीकरमधून आलं. "आता माजा आयक. मी पयल्यापासून बगितला. उठले नाय. चुलीवर दूध उतू गेला, जाऊ दिला. मालू रडतेय हितं, कालुराम तिला बोलतो गप. पुरा झाला. मी बगितला. हं."

आवडाबाईने रिकामा तांब्या परत उचलून तोंडाला लावला.

"राघोची हलद हाय," भीमाबाई म्हणाली. "येशील का? का टीवीवरच गानार आता?"

"येन," आवडाबाई म्हणाली. इतक्या हळू की माईकलाही वाकावं लागलं असतं. मग घसा खाकरून, खाडीपलीकडच्या आवाजात, "येन! पन आदी उंदीर काढ!"

"उंदीर तुज्या बिल्डिंगीत," भीमाबाईने फोन आपटला.

सुधीरने पिक्चर लावला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच मधून सुरू झाला, आणि आश्चर्य म्हणजे तक्रारीचा एकही फोन आला नाही. ‘भरलं अंगण’ त्यानंतर दर रविवारी चालतं. तीन मिनिटांचा नियम सुधीरने अजून ठेवलाय, फक्त कुणी हातावर बसायला लावलं तर तो बसतो.

आयऱ्याला मी गेले ती घरी कुणाला काही न सांगता, पिवळा ड्रेस घालून. मांडवात भीमाबाईने मला आपादमस्तक बघितलं. "हीच का ती माजा आवाज काढनारी?" मी चपलांकडे बघायला लागले. "बस तितं. खाल्लास काय? हं." तो "हं" मी आयुष्यात कधी नीट काढला नव्हता हे मला तेव्हा कळलं. त्यात दार लावणं नव्हतंच.

आवडाबाई पाटासमोर बसली. तिने राघोचं नाव घेतलं, नवरीचं घेतलं. पहिली ओळ टाकली आणि मागे न बघता हात किंचित वर केला. माझी पाळी.

मी तोंड उघडलं आणि बाहेर आली आवडाबाई. हुबेहूब, खाडीपलीकडची. बायका फिदीफिदी हसल्या. नवरदेवाची टोपी हसण्याने घसरली.

आवडाबाई थांबली. सोडला नाही, थांबली. "पैज काय होती?"

"तुमचा नाही काढायचा."

"मंग?"

मी परत म्हटलं, तर कॅसेटवरचा निवेदक आला. परत म्हटलं, तर वरच्या काकू. चौथ्या खेपेला एक बारीक, जरा नाकातला, कुणाचाच नसलेला आवाज निघाला आणि ओळीच्या शेवटाला फाटला. कुणी हसलं नाही. शेजारच्या म्हातारीने मला कोपराने ढोसलं आणि पुढच्या ओळीला माझ्याबरोबर घेतलं.

मांडव झाला तेव्हा मला वाटलं, आता सुटले. मी उठायला लागले तशी आवडाबाईने माझी ओढणी धरली. "हलद बाकी हाय."

"मावशी, घसा बसला."

"बसू दे. तू पन बस."

हळद पूर्ण चढेपर्यंत मी पैज हरत होते.